उपासात रविवार धरत नाहीत

२७ फेब्रुवारी २००६, सोमवार
काल गोंदियाचे लोक येऊन गेले. स्टेलाला पाहायला. आणि मला आज कळतं, तेही भोजूदादाच्या दुकानात, जळालेल्या मोटारीची कॉइल उसवताना. पोरगा रेल्वेत आहे म्हणे.
आधी गोंदिया आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं. बरं झालं तोडलं. आणखी लांब तोडायला पाहिजे होतं.
संध्याकाळी स्टेला, म्हणजे माझी स., दुकानासमोरून गेली. सायकल थांबवून ती शिकवते त्या बालवाडीचा टेबल पंखा ठेवला. म्हणाली, "घुर्र करून राहिला, पण हवा नाही देत. तुह्यासारखाच." मी गोंदियाचं विचारणार होतो. भोजूदादा कान लावून बसला होता. राहून गेलं.

२८ फेब्रु. मंगळवार
आज फार वाईट वागलो.
उद्या राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपासाचा पहिला दिवस. मागच्या वर्षीच्या झावळ्या परत चर्चमध्ये द्यायच्या असतात, त्या जाळून राख करतात. आपल्याकडे शिंदीच्या झावळ्या. मायनं घरातल्या सगळ्या गोळा केल्या, येशूच्या फोटोमागची, दारावरची, आणि माझ्या कपाटातल्या शर्टाखालचा तो छोटा क्रूसही. शिंदीच्या पात्याचा विणलेला. स.नं मागच्या वर्षी, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी दिलेला.
मी दुकानातून आलो तोपर्यंत फादरांनी जाळूनही टाकलं होतं.
मी ओरडलो. ताट भिरकावलं, भिंतीचा पोपडा निघाला. मायनं ताट उचलून धुतलं. मग म्हणाली, "कोनं देल्ला होता?"
सांगितलं. सगळंच सांगितलं.
मायनं ताट पालथं घातलं. मग, "मास्तर आपली पोरगी अशा सुतळी बॉम्बच्या घरात देतीन काय?"
कॉलेजही असंच सुटलं. प्रॅक्टिकलला सरांनी सगळ्यांसमोर टोमणा मारला, जर्नल त्यांच्या टेबलावर आपटून निघालो तो निघालोच. मास्तरांना ते पाठ आहे. स.चे वडील, चर्चचे प्रचारक. आमच्या बारश्यापासून मातीपर्यंत प्रार्थना तेच म्हणतात. त्यांना प्रत्येक घरातलं प्रत्येक ताट माहीत.
मायनं अट घातली. मटण तर सगळेच सोडतात, तू राग सोड. ईस्टरपर्यंत. सोडलास तर ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः मास्तरकडे मागणी घालायला जाते. तोवर गोंदियाचंही काही होत नाही, कारण उपासकाळात मास्तर ना साखरपुडा करू देत, ना बोलणी. कोणाच्या घरी नाही, मग स्वतःच्या घरी कुठून.
म्हणजे चाळीस दिवस मिळाले. छातीवरचं पोतं कोणीतरी उचलल्यासारखं वाटून राहिलं.

१ मार्च, बुधवार
फादरांनी कपाळाला राख लावली. माती आहेस, मातीला मिळशील. मी मनात म्हटलं, यात तो क्रूसही आहे. माझ्या कपाळावर, सगळ्यांच्या कपाळावर. स.च्याही.
बाहेर चप्पल घालताना म्हटलं, "स्टेला." तिनं पाहिलं. कपाळावर राख. मान फिरवून माझ्या मायजवळ जाऊन उभी राहिली.
काहून?
राग – नाही. पहिला दिवस.

३ मार्च, शुक्रवार
रोज सकाळी सायकलवरून जाते, रोज घंटी वाजवायची. तीन दिवस झाले, घंटी नाही. सरळ समोर बघत जाते, जसा मी विजेचा खांब.
घरी मासोळ्यांचा रस्सा. डब्यात घेऊन दुकानात गेलो तर भोजूदादानं माझ्यासाठी भगर आणली होती, शेंगदाण्याच्या आमटीसकट. उपास म्हटल्यावर त्याला दुसरं काय सुचणार. माझा डबा उघडला नि त्यानं आ वासला.
"अबे, उपासाले मासोळी?"
"मासोळी चालते. मटण नाही."
"माही माय एकादशीले कांद्याकडे पाहत नाही! तुमच्या धर्मात यायचं असन तर फारम कुठं भेटते?"
दोघांनी मिळून भगरही खाल्ली, मासोळीही. बऱ्याच दिवसांनी हसलो.

५ मार्च, रविवार
बोलली!!
चर्चमधली मिस्सा संपल्यावर स्वतः आली. "पंखा झाला का?" मी म्हटलं, कंडेन्सर पाहिजे, भंडाऱ्याहून आणावा लागते. "मग आण ना. पोट्टे घामानं चिपचिप होऊन राहिले." हसली पण. दात दिसेपर्यंत.
मला उगाच वाटत होतं.

६ मार्च, सोमवार
घंटी नाही. पाहिलंही नाही. मी हात वर केला होता. तसाच वर राहिला. समोरच्या पानठेल्यावाल्याला वाटलं त्यालाच केला, त्यानं केला परत.
राग – आला. गिळला.

९ मार्च
उन्हाळी धानाच्या पंपांच्या मोटारी येऊन राहिल्या. लाइट नाही, मग एकदम आली की जळतात. हात वार्निशनं पिवळे. काम आहे ते बरं.
घरात शांतता. बाबांनी दारू सोडली, दरवर्षीप्रमाणे ईस्टरपर्यंत. राइस मिलमधून थेट घरी येतात, मायजवळ बसून लसूण सोलतात. माय वर्षभर या दिवसांची वाट पाहते हे मला यंदाच दिसलं. लोक म्हणतात दुःखाचा काळ. आमच्या घरी माय गुणगुणत असते.

१२ मार्च, रविवार
पुन्हा बोलली. चर्चच्या पायरीवर, चांगली दहा मिनिटं. बालवाडीतल्या एका पोरानं पाटीवरची पेन्सिल गिळली ते सांगितलं. मी गोंदियाचा विषय काढणार तेवढ्यात मास्तरांनी हाक मारली.
कंडेन्सर आणला आहे. बसवला नाही. पंखा झाला की ती विचारणार काय?

१३ मार्च, सोमवार
पुन्हा खांब.
भोजूदादा म्हणतो, "पोट्टी हुशार आहे. चर्चमध्ये देवासमोर भांडण नको म्हणून बोलते. बाकी तिचं मन गोंदियाले." मी पाना फेकणार होतो. हातात धरूनच ठेवला, बोटं पांढरी होईपर्यंत. भोजूदादानं पाहिलं, मग म्हणाला, "जाऊ दे बे, गंमत केली."
राग – हातापर्यंत आला, बाहेर नाही.

१५ मार्च, धुळवड
भोजूदादाकडे सकाळपासून मटण रटरटतंय, वास हायवेपर्यंत. पोरं मला रंगवायला आली. एकानं ग्लास तोंडाला लावला, मोहाची दारू. मी तोंड फिरवलं तर सदऱ्यावर ओतला. "उपासवाला साधू महाराज!" ढकललं त्याला. जोरात. तो चिखलात बसला.
घरी जाऊन मायला स्वतःच सांगितलं. माय म्हणे, "हात उचलला का?" नाही, ढकललं. "शिवी?" अर्धी. मायनं विचार केला. "मग अर्धा राग. त्याची माफी मागून ये."
गेलो. तो इतका पिऊन होता की गळ्यात पडून रडला.

१७ मार्च, शुक्रवार
क्रूसाची वाट, येशूच्या शेवटच्या वाटेची प्रार्थना, आमच्या घरी होती. दर शुक्रवारी एकेक घर. मास्तर पुढे वाचतात, आपण गुडघे टेकायचे, उठायचे, पुढच्या स्थानाकडे. लाकडी क्रूस मी धरला होता. स. गाणी म्हणत होती. माझ्यापासून दोन हातांवर. पूर्ण वेळ माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. चहा द्यायला माय तिच्याजवळ गेली, "साखर?" विचारलं, तिनं मान डोलावली, माझ्या मायशी गोड बोलली. मी बशी पुढे केली, घेतली, बोलली नाही.
तिसऱ्या स्थानाला येशू पहिल्यांदा पडतो. मी उभाच पडल्यासारखा.

१९ मार्च, रविवार
मिस्साला गेलोच नाही. आठवड्यातून एकदा दया दाखवणार असेल तर नको मला. मायला सांगितलं पोट दुखतं.
माय आली नि म्हणाली, "मास्तरची स्टेला विचारत होती, विन्सेंट कुठं आहे म्हणून. दोनदा."
आता खरंच पोट दुखून राहिलं.

२४ मार्च
मोहाची फुलं पडायला लागली. सकाळी आंबागडकडून एक गिऱ्हाईक आलं, मोटारसोबत टोपलीभर फुलं. दुकानभर वास. बाबा आले होते, टोपलीकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मला त्यांची कीव आली. आपलंही तसंच आहे. वास येतो, घेता येत नाही.
मास्तरांच्या शेजारची मावशी मायला सांगत होती, गोंदियावाल्यांनी निरोप पाठवला, पोराची सुटी संपते, साखरपुडा आत्ताच उरकू. मास्तर म्हणाले, ईस्टरनंतर या. ते म्हणाले, मग ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी येतो.
म्हणजे त्याच दिवशी. माय आणि ते.

२६ मार्च, रविवार
गेलो. बोलली. "मागच्या रविवारी काहून नाही आला?" आवाजात चिडचिड होती. तिची चिडचिड! मी म्हटलं, सोमवारी येतो, बोलशील? ती एकदम लाल झाली. "सोमवारी नाही." आणि पळाली.
सोमवारी नाही म्हणजे काय? सोमवारी काय असते?

२ एप्रिल, रविवार
बाबा पिऊन आले.
माय दारातच उभी राहिली. बाबा म्हणाले, "रविवार धरत नाहीत. उपासकाळात रविवार मोजतच नाहीत, फादरले विचार. रविवार म्हंजे येशू उठल्याचा दिवस, त्या दिवशी उपास नसते." माय म्हणाली, "येशू उठला, तुम्ही पडले." मला हसू फुटलं, बाबांनाही. तिथंच ओट्यावर बसले आणि झोपले.
मी मायला विचारलं, खरं आहे का? माय म्हणे, "खरं आहे. हिशेबात रविवार नसतात. पण म्हणून कोनी असं करते का?" मग मी विचारलं, रविवारी राग चालते का मग? "बापासारखा वकील होऊ नको."

३ एप्रिल, सोमवार
आज ठरवलं होतं. सायकल अडवायची. हँडल धरायचं, विचारायचं, गोंदिया का मी. काय असेल ते तोंडावर सांग.
रस्त्याच्या कडेला जाऊन उभाही राहिलो. लांबून येताना दिसली. भोजूदादा मागून आला, काही बोलला नाही, फक्त तांब्याच्या तारेचं रीळ माझ्या हातात ठेवलं. "हे धर. सुटलं तर सगळी तार गुंतन." दोन्ही हातांनी धरावं लागलं. ती गेली. एक क्षण वळून पाहिलं, घाबरल्यासारखं.
बरं झालं. हँडल धरलं असतं तर आयुष्यभर तिच्या डोळ्यांत तीच नजर पाहावी लागली असती.
राग – होता. रिळात गुंडाळला.

५ एप्रिल, बुधवार
कसं लिहू.
मास्तर दुकानात आले. चर्चचा ॲम्प्लिफायर घेऊन, झावळ्यांच्या मिरवणुकीला पाहिजे. भोजूदादा नव्हता. मी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मास्तर म्हणाले, "बिनसाखरेचा सांग. उपासकाळ आहे." मी म्हटलं, तुमच्याकडे सगळेच बिनसाखरेचा घेतात का? बोलायला काही नव्हतं म्हणून विचारलं.
मास्तर म्हणाले, "सगळे. स्टेला तर लहानपणापासून दरवर्षी साखरच सोडते. यंदा मात्र दोन-दोन चमचे घालून पिऊन राहिली. मी म्हटलं, बाई, तू काय सोडलं मग? तर सांगत नाही. म्हणते, 'सगळ्यात आवडीचं सोडाचं असते ना बाबा? साखर माही कधी इतकी आवडीची नव्हतीच.'"
मी स्क्रू काढत होतो. हात थांबला.
"आणि रविवारी काय खुशीत राहते," मास्तर म्हणाले. चहा फुंकत होते, माझ्याकडे पाहत नव्हते. "रविवारी सूट असते ना."
रविवारी सूट.
रविवार धरत नाहीत.
पंखा झाला का. पेन्सिल गिळली. सोमवारी नाही.
तिनं मला सोडलं आहे. उपासासाठी. साखरेच्या जागी. माझ्याशी बोलणं.
स्क्रू कुठं पडला कोण जाणे, अजून सापडला नाही. मास्तर उठताना म्हणाले, "ॲम्प्लिफायर शनिवारपर्यंत पायजे. आणि गुड फ्रायडेच्या वाचनात पेत्र तू वाचशील. तलवार उपसणारा पेत्र तुह्याशिवाय कोन शोभन?"
मास्तरांना माहीत आहे का? माहीत असून सांगितलं का? कळत नाही. गेल्यावर मी मागच्या खोलीत मोटारींमध्ये बसून राहिलो. भोजूदादा आला. "काय झालं बे? रडून राहिला का हसून?" म्हटलं, दादा, मी मटण आहे. त्याला वाटलं वार्निश डोक्यात गेलं.

६ एप्रिल
खांब झालो, गुरुवारी, मजेत. ती सरळ पाहत गेली आणि मी मनात म्हटलं, जा, जा, उपास पाळ.
पंखा दुरुस्त करून टाकला. बालवाडीच्या मावशीच्या हाती पाठवणार होतो. नाही पाठवला. ती घ्यायला येईल, उपास सुटल्यावर.
एक भीती मात्र आहेच. सोडलेलं परत घेतातच असं नाही. पाहा ना, काही माणसं दारू सोडतात ती कायमची…

९ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
पहाटे मी आणि बाबा तलावाच्या पाळीवर जाऊन शिंदीच्या झावळ्या तोडून आणल्या. काट्यांनी हात ओरबाडले. मिरवणुकीत ॲम्प्लिफायर खणखणीत.
नंतर चर्चच्या मागे, पिंपळाखाली:
"चहात साखर किती घेते आजकाल?"
ती थिजली. मग, "बाबा ना! बाबांच्या पोटात काही राहत नाही!" दोन्ही हातांनी तोंड झाकलं.
"मले सांगायचं तरी."
"सांगितलं असतं तर उपास कसला? आणि तू असा फुगून फिरत होता, मले किती कठीण गेलं माहीत आहे? सोमवारी त्या दिवशी रस्त्यात उभा होता, मले वाटलं आता भांडतो. अन् मी बोलून टाकलं असतं."
मग तिनं विचारलं, मागच्या वर्षीचा क्रूस जपला का. सांगितलं, मायनं जाळायला दिला. चेहरा पडला तिचा.
म्हटलं, "राख झाली. माह्या कपाळाले लागली. तुह्याही."
तिच्या हातात शिंदीचं पातं होतं, विणत राहिली. क्रूस झाला तर मी हात पुढे केला. "तुले नाही. तू सांभाळत नाही." आणि सरळ गेली, बायकांच्या घोळक्यात, माझ्या मायजवळ. तिच्या हातात दिला. काहीतरी बोलली. माय माझ्याकडे पाहत होती, रडायच्या आधी होते तसं तोंड करून.
घरी आल्यावर विचारलं, काय म्हणाली? "म्हणाली, मावशी, हा जाळू नका."

१३ एप्रिल, पवित्र गुरुवार
येशूनं शिष्यांचे धुतले तसे फादर आज बारा माणसांचे पाय धुतात. एक कमी पडला, मोह वेचायला गेला होता. मास्तरांनी मला बसवलं, त्यांच्याच शेजारी. कानात म्हणाले, "घरून धुऊन आला का? सगळेच धुऊन येतात. फादरले काम ठेवत नाहीत." मी खरंच साबणानं घासून आलो होतो, वार्निश निघालं नव्हतं. फादरांनी पिवळ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्यांदा पाणी ओतलं.

१४ एप्रिल, गुड फ्रायडे
आजच जयंतीही. हायवेवर निळे झेंडे, दुपारी मिरवणूक. आमची तीनची प्रार्थना. मला धाकधूक, आवाज झाला की आपली पोरं तापतील, मीच पहिला. पण चर्चसमोर आल्यावर त्यांनी बाजा बंद केला आणि चूपचाप चालत गेले. पुढच्या वळणावर पुन्हा सुरू. पुढे झेंडा घेऊन तोच, धुळवडीला चिखलात बसवलेला. मला हात दाखवला.
पेत्र वाचला. तलवार काढतो, नोकराचा कान छाटतो, येशू म्हणतो ती म्यानात घाल. मग येशूला नाकारण्याचं. "मी त्या माणसाला ओळखत नाही." तीन वेळा म्हणावं लागतं. तिसऱ्यांदा नजर वर गेली. स. मान खाली घालून ओठ चावत होती. हसू दाबत होती. गुड फ्रायडेला! देवा, माफ कर, तिला आणि मलाही.

१५ एप्रिल
काहीच नाही. शांत. माय अनारशांचं पीठ चाळते आहे. बाबा टकमक घड्याळाकडे पाहतात. मीही.

१६ एप्रिल, ईस्टर
घंटा वाजल्या. स. समोर आली, "ईस्टर मुबारक." मी म्हटलं, आज तर रविवार, आज बोलणं काही मोठं नाही. "उद्या पाह्य," म्हणाली.
बाबांनी आज घेतली. थोडी. जेवायला बसले तेव्हा शुद्धीत होते. माय मटण वाढत राहिली. उद्यापासून काय, ते कोणीच विचारलं नाही.
मायला विचारलं, मी पास का? "एक अर्धा राग. तो धुळवडीत सोडून दिला."

१७ एप्रिल, सोमवार
माय दुपारी निघाली. हिरवं लुगडं, जे फक्त लग्नाला नेसते. हातात अनारशांचा डबा. शिंदीचा क्रूस येशूच्या फोटोमागे खोचून गेली, निघताना हात लावून पाहिला, आहे ना.
गोंदियावाले चारला येणार. आता साडेतीन. मास्तर मायला काय म्हणतील, त्यांना काय म्हणतील, काही माहीत नाही. कॉलेज सुटलेला पोरगा, दुसऱ्याच्या दुकानात. तिकडे रेल्वे. मी मास्तर असतो तर…
तरी आजच एक मोटार सरळ गुंडाळून काढली.
आणि मघाशी, जेवणाच्या वेळी, भोजूदादा घरी गेला होता. रस्त्यावर सायकलची घंटी. एकदा नाही, सारखी, येडपटासारखी, दुकानापर्यंत. मी बाहेर आलो. घामेजलेली, धापा टाकत. म्हणाली, "पंखा झाला का?"
आज सोमवार आहे.